‘वहिनी, निघालो आम्ही!’

मावशी, आमचं गाव कुही तालुक्यात आहे. सात एकर वावर. त्यात मिरची, वांगी, कापसाची पऱ्हाटी, तूर आणि धुऱ्याजवळ हुरड्यापुरती ज्वारी. घरात आम्ही दोघं, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि 76 वर्षांच्या सासूबाई. धाकटे दीर नागपुरात नोकरीला आहेत. दिवाळीपासून जवळजवळ दर रविवारी सकाळी आठला त्यांचा फोन येतो, ‘वहिनी, निघालो आम्ही!’ ‘आम्ही’ म्हणजे कधी घरचे चौघं, कधी ऑफिसमधले धरून पंधरा-सतरा. मग रोडगे, वांग्याचं भरीत, वरण, ठेचा, चार वाजता हुरडा आणि निघताना पिशवीभर वांगी-मिरच्या. जाऊबाई आंब्याखाली खुर्ची टाकून फोटो काढत बसतात. मागच्या रविवारी मिरचीच्या तोड्याला बाया लावल्या होत्या आणि मी चुलीपुढून उठूच शकले नाही. निम्मा तोडा राहिला. दुसऱ्या दिवशी बाया दुसरीकडे गेल्या. नाही म्हणावं तर सासूबाई म्हणतात, त्याचंही वावर आहे, सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. हे काहीच बोलत नाहीत. नातं न तोडता नाही कसं म्हणू? आणि आणखी एक, हसू नका. हे सगळे आमच्याकडे फिरायला येतात, पण मी स्वतः लग्नानंतर कुठं फिरायला गेली नाही. शाळेची सहल सेवाग्राम-पवनारला गेली होती. पैसे नव्हते म्हणून मला पाठवलं नाही. ते एकदा पाहायचं आहे.

– एक वाचक, कुही तालुका

ताई,

हसले नाही. पवनारकडे येतेच, पण आधी तुमचा रविवार मोकळा करू.

एक कबुली द्यायला हवी. तुमच्या गोष्टीत जे दीर आहेत, ते आमच्या घरच्या गोष्टीत मी होते. माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. लग्न होऊन नागपूरला आले आणि पहिली काही वर्षं दर पंधरा दिवसांनी रविवारी माहेरी. माहेरी जाणं हा लेकीचा हक्क, त्यात कुणाला विचारायचं काय? पुढे शेजारीण सोबत येऊ लागली, मग तिची मुलं, मग ह्यांचे मित्र. वहिनी कधी नाही म्हणाली नाही. उलट मला वाटायचं, आपण गेलो की तिला तेवढाच विरंगुळा. हे मी खरंच मानत होते, म्हणून सांगते. तुमचे दीरही तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून येत नसणार. त्यांना वाटतं, आपण आलो की घर भरतं.

मग एका कार्तिकातल्या रविवारी, कापूस फुटून पांढरा झालेला, आम्ही पोचलो तर चूल थंड. वहिनीने माझ्या कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि म्हणाली, ‘बाई, दोन तास वेचू लागा, मग दोघी मिळून काय ते रांधू.’ आवाजात राग नव्हता. दुपारी वजन केलं तर माझा कापूस भरला अडीच किलो, शेजारच्या तासातल्या बाईचा त्याच्या चौपट. बोंडाच्या वाळक्या टोकांनी माझी बोटं सोलून निघाली होती. जेवायला भाकर, कांदा आणि ठेचा. त्यानंतर मी बुधवारीच फोन करून विचारू लागले, ‘या रविवारी वेचणी आहे का?’ बहुतेक वेळा असायची.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. शहराचा रविवार गावात नसतो. गावात सुट्टी असते बाजाराच्या दिवशी. चुकारा होतो, बाया बाजाराला जातात, वावर रिकामं राहतं. रविवारी तोडा असतो, फवारणी असते, ओलीत असतं. नागपूरच्या नोकरदाराला वाटतं रविवार म्हणजे सगळ्या जगाला सुट्टी. तुमच्या दिराला हे कुणी सांगितलेलं नाही. कुणीच नाही. तुम्ही हसून चूल पेटवता, भाऊ गप्प राहतो, आई म्हणते ये बाबा. मग त्यांनी काय समजायचं?

आता सातबाऱ्याचं. सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण ते खरं आहे. नाव आहे तर हक्क आहे. वावरात यावं, आंब्याखाली बसावं, लेकरांना ज्वारीत पळू द्यावं, यासाठी त्यांना कुणाची परवानगी नको. पण सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते, तुमच्या हातांची नसते. वावर त्यांचं आहे म्हणून रोडगे तुम्ही थापायचे, हे कुठल्या तलाठ्याने लिहून दिलेलं नाही. सासूबाईंशी बोलताना मात्र हा वाद घालू नका. ‘खरं आहे आई, त्यांचं वावर आहे’ एवढंच म्हणा. ज्या घरात एक भाऊ गावात आणि एक शहरात असतो, तिथे वाटणीचा विषय रोडग्यांच्या निमित्ताने निघाला तर तो रोडग्यांवर थांबत नाही. मी तीन घरं पाहिली आहेत तशी.

बोलायचं कुणी? तुमच्या ह्यांनी. तो त्यांचा सख्खा भाऊ आहे. वहिनी नाही म्हणाली तर ती ‘वहिनी बदलली’ होते, भाऊ म्हणाला तर ते काम असतं. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी फोन करायला सांगा. रविवारी सकाळी नको. तोवर गाडी दिघोरी नाका सोडून उमरेड रोडला लागलेली असते आणि त्या वेळी नाही म्हणणं म्हणजे दारातून परत पाठवणं. शब्दही सोपे ठेवा. ‘बाबू, या रविवारी मिरचीचा तोडा आहे, तुझी वहिनी वावरात राहीन. तू आला तर ये, पण सगळेच वावरात राहू, रांधायला कोणी नसन. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार मोकळा आहे, तेव्हा रोडगे करू.’ बस. मध्ये ‘राग मानू नको’ नको, ‘तुझ्या वहिनीची तब्येत’ नको. खोटी कारणं तर अजिबात नकोत. गावात तुम्ही त्या दिवशी घरीच होतात हे त्यांना सोमवारपर्यंत कळतं, आणि मग खरं कारणही खोटं वाटू लागतं.

तुमचे हे बोलले नाहीत तर तुम्ही बोला. तेच शब्द, फक्त ‘भाऊजी’ म्हणून.

महिन्यातून एक रविवार ठरवा. तोड्याच्या पाळ्या तुम्हाला आधी माहीत असतात, त्यामुळे कोणता ते तुम्ही ठरवायचं. किती जण येणार हे शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे. आणि त्या रविवारी रोडगे पुरुषांनी करायचे. ही अट वाटत असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्याकडे वावरातली रोडग्याची पार्टी हा गड्यांचाच कारभार होता. बायका घरी असायच्या, त्यांच्यासाठी फडक्यात बांधून चार रोडगे यायचे, वर राख असायची. कणीक जरा रवाळ, तेलाचं मोहन, ओवा, मीठ. घट्ट मळायचं, पदर देऊन गोळे वळायचे. गोवऱ्या पेटवून आर पडू द्यायला तासभर जातो, आणि तिथेच शहरातल्या माणसाचा धीर सुटतो. जाळ असतानाच गोळे टाकतो, वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. वांगी त्याच आरात. दोन रविवार बिघडतील, तिसऱ्यांदा येईल. आणि खरं सांगू? दिराला मजा यात जास्त येईल. खुर्चीत बसून आयतं खाणारा माणूस तासाभराने मोबाइल काढतो.

ऑफिसवाल्यांचा हिशेब वेगळा ठेवा. दीर, जाऊ आणि लेकरं घरचे आहेत, त्यांच्या पोटाचं गणित मांडायचं नसतं. पण त्यांच्यासोबत येणारे तेरा जण हॉटेलात गेले असते तर पैसे दिलेच असते. तुम्हाला वेळ असेल आणि मन असेल तर गावातल्या बचत गटाच्या दोघी-तिघींना घ्या, ताटाचा भाव ठरवा आणि दिराला आधी कळवा. हे लाजिरवाणं नाही. राज्य सरकारचं कृषी पर्यटनाचं धोरण 2020 पासून आहे, शेतकरी रीतसर नोंदणी करून हेच करतात. पण तुम्ही लगेच त्यात पडावं असं मी म्हणणार नाही. हल्ली कुणी शेतकरी बाई दमली म्हणाली की चार जण सांगतात, ‘मग धंदाच करा ना याचा.’ दमलेल्या बाईला आणखी एक धंदा हे उत्तर मला पटत नाही. मुलीची दहावी होऊ द्या, मग बघा.

पाहुणे येतील त्या रविवारी तीन गोष्टी मात्र ते उतरल्या उतरल्या सांगायच्या, आणि सौम्यपणे नाही. पहिली, कुंपणाच्या तारा. रानडुकरांसाठी झटका मशीन असतं, आणि आसपास कुणी चोरून थेट लाइनचा करंटही सोडलेला असतो. तो बेकायदा आहे, त्याने माणसं मेली आहेत. शहरातलं लेकरू तार दिसली की हात लावतं. दुसरी, पाणी. तुमच्या तालुक्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी शिरलेलं आहे. काठावरून ते तळ्यासारखं शांत दिसतं, पण त्याखाली कुणाची विहीर आहे, कुणाची बांधी आहे, बुडालेल्या गावांची झाडं आहेत. पोहता येणाराही तिथे अडकतो. पोट्ट्यांना पाय बुडवू देऊ नका. तिसरी, अंधार. उमरेड-पवनी-करांडल्याचं जंगल तुमच्यापासून दूर नाही. सूर्य बुडाला की पऱ्हाटीत फिरणं नको, मागच्या धुऱ्याला आडोशाला जाणं नको. आणि बाटल्या आणणारे असतील तर बाटल्या मोजून आल्या तशा मोजून गेल्या पाहिजेत. फुटलेली काच बैलाच्या खुरात जाते आणि तोड्याला आलेल्या बाईच्या अनवाणी पायात.

बाकीचे तीन रविवार दिरांनी काय करायचं? हा खरं तर त्यांचा प्रश्न, पण मीच उत्तर देते, कारण ते तुमच्याकडे येतात त्याचं अर्धं कारण एवढंच आहे की नागपूरच्या माणसाला दुसरं कुठं जायचं ते सुचत नाही. ताडोबा म्हणतील. ताडोबाला असं सकाळी उठून जाता येत नाही. सफारी आधी ऑनलाइन घ्यावी लागते, मंगळवारी बंद, पावसाळ्यात गाभा बंद, आणि चौघांचा खर्च पाहिला की पुन्हा तुमचे रोडगे आठवतात. चिखलदरा म्हणतील. कॉफी पिकते, गाविलगड आहे, रबडी आहे, सगळं खरं. पण नागपूरहून जायलाच पाचेक तास, एका दिवसात गेलात तर घाट आणि परत घाट. तिथे मुक्कामानेच जावं.

एका दिवसाची जागा म्हणजे रामटेक. नागपूरहून साधारण 50 किलोमीटर, इतवारीहून रेल्वेगाडीही जाते. ‘पाहिलंय आम्ही’ म्हणतील. पाहिलं म्हणजे गडावर रामाचं दर्शन घेतलं, माकडाने प्रसाद हिसकला, खिंडसीला नावेत बसले. त्यांना सांगा, या वेळी गडावर चढताना वाकाटक राजांच्या काळातली नरसिंहाची देवळं बघा. तांबूस दगडाची, ठेंगणी, जवळजवळ दीड हजार वर्षांपूर्वीची. आत नरसिंह बसला आहे तो पुराणातल्या चित्रासारखा उग्र नाही, गावच्या पाटलासारखा ऐसपैस बसला आहे. मग खाली उतरून नगरधनला जा. भोसल्यांच्या काळातला किल्ला दिसतो, पण त्याच्या आसपासच्या मातीत वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन आहे. तिथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक, इकडे सून म्हणून आली, नवरा लवकर गेला आणि मुलं लहान म्हणून राज्य तिने चालवलं. तुमच्या जाऊबाईंना ही गोष्ट आवडेल असं मला उगाच वाटतं.

सकाळचा अर्धाच दिवस असेल तर अदासा. एकाच दगडातला भलामोठा गणपती, आणि तिथून जवळ धापेवाड्याचा विठोबा, ज्याला विदर्भाचं पंढरपूर म्हणतात. नदीचं नावसुद्धा चंद्रभागाच. जेवायला घरी परत. लेकरांना काही नवं दाखवायचं तर पेंच. वाघासाठी म्हणत नाही मी, आभाळासाठी. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, असं देशातलं ते पहिलंच. अमावस्येच्या आसपास जावं. ज्या पोरांनी नागपुरात सात-आठच तारे पाहिले आहेत ती तिथे तोंड उघडं ठेवून बघतात. तुमच्या पोरांना याचं काही वाटणार नाही, त्यांना ते अंगणातून दिसतं.

पवनीलाही माणसं जात नाहीत याचं मला नवल वाटतं. वैनगंगेचे घाट, जुन्या तटाचे अवशेष, पंचमुखी गणपती, आणि जगन्नाथ टेकडीवर उत्खननात निघालेला बौद्ध स्तूप. गावात शिरलं की कुठल्याही गल्लीच्या टोकाला देऊळ. आणि गंमत पहा, तुमच्याच तालुक्यात अंभोरा आहे. पाच नद्यांचा संगम म्हणतात, काठावर चैतन्येश्वराचं देऊळ, आद्यकवी मुकुंदराजांचं नाव या जागेशी जोडलेलं. वैनगंगेवरचा मोठा केबलचा पूल 2024 साली सुरू झाला. त्याच्या मधल्या खांबावर उंच गॅलरी आहे, तिथून भंडाऱ्याचा आणि तुमचा असे दोन्ही काठ दिसतात. दिराने ऑफिसवाल्यांना घेऊन तिथे जावं, फोटो हवे तेवढे काढावेत आणि परतताना तुमच्याकडे फक्त चहाला यावं. चहा तुम्ही करा. चहाला मी काही म्हणत नाही.

आता तुमची सहल.

जावेला बरोबर घ्या. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. पण ती बाई आंब्याखाली खुर्चीत बसून फोटो का काढते, याचा विचार केलात का? तुमच्या चुलीजवळ तिला कुणी बोलावत नाही. नवरा मित्रांत, लेकरं ज्वारीत, सासू तिच्याशी तोलून बोलते. तिचाही रविवार कुणी विचारून ठरवलेला नसावा. मी चुकत असेन. चुकले तर एक दिवस वाया जाईल, आणि तोही फिरण्यात.

दिवस तोच धरा, महिन्यातला ठरलेला रविवार. दीर लेकरांना घेऊन वावरात येतील, दोघे भाऊ गोवऱ्या पेटवतील आणि तुम्ही दोघी गावात नसाल. तुम्ही शनिवारी संध्याकाळीच नागपूरला जा. रात्री मुक्काम दिरांच्या घरी, पाहुणी म्हणून. भांडी घासायला उठू नका. एक रात्र जमेल.

रविवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून वर्ध्याची साधी एसटी घ्या. एसटीत बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. सासूबाई येतो म्हणाल्या तर त्यांना 75 च्या वर असल्यामुळे तिकीटच नाही, आधार कार्ड तेवढं पदराला बांधा. त्या आल्या तर माझं मत विचाराल तर बरंच आहे. देवाधर्माचं निमित्त नसताना सुनांसोबत बाहेर पडलेली म्हातारी परत येताना वेगळी बोलते. नाही आल्या तर आग्रह नको.

रेल्वेनेही जाता येतं, सेवाग्राम नावाचं स्टेशन आहे. पण मी एसटी सुचवते कारण तो रस्ता बुटीबोरी, केळझर, सेलू करत जातो आणि पवनार वर्ध्याच्या आठेक किलोमीटर अलीकडेच लागतं. आधी तिथे उतरा. सकाळचं ऊन धाम नदीवर असतं तेव्हा पवनार बघावं. आश्रम नदीला लागून उंचवट्यावर आहे. विनोबा इथे 1938 मध्ये आले, प्रकृती फार खालावलेली होती. मग इथे खोदकाम, शेती सुरू झाली आणि जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली. राम आणि भरत भेटतात ते शिल्प तिथेच मांडलेलं आहे, ते शोधा. 1959 मध्ये विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. बायकाच राहतात, बायकाच ठरवतात, आणि झाडण्यापासून रांधण्यापर्यंतचं काम सगळ्या वाटून करतात. तिथल्या स्वयंपाकघरापाशी जरा थांबा. काही विचारायचं असेल तर विचारा, उत्तर देतात. मग पायऱ्यांनी नदीत उतरा. हिवाळ्यात पाणी कमी असतं, खडक उघडे पडलेले असतात. गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 ला याच पाण्यात सोडल्या, त्याची छत्री नदीच्या पात्रात आहे. त्या तारखेच्या आसपास यात्रा असते, गर्दी नको असेल तर तेव्हा टाळा.

तिथून वर्धा आणि मग सेवाग्राम, आठेक किलोमीटर, ऑटो मिळतात. गांधी 1936 मध्ये इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये ते सेवाग्राम झालं. बापूकुटीत चप्पल काढून जायचं. मातीच्या भिंती, कौलं, बांबू, चटई. तुम्हाला वाटेल, यात काय, माझ्या आजीचं घर असंच होतं. अगदी बरोबर. नागपूरचे लोक ते घर पाहून हरखतात, तुम्ही मात्र भिंत कुठे सारवायला आली आहे ते बघाल. व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन आहे, आणि साप पकडून दूर सोडायचा चिमटा व पिंजरा आहे. मी गेले की त्या पिंजऱ्यापाशीच जास्त वेळ उभी राहते. सापाने भरलेल्या रानात राहायचं आणि मारायचं नाही, हे ठरवणं आश्रमातल्या सगळ्या गोष्टींत मला अवघड वाटतं. गांधींनी लावलेला पिंपळ अंगणात आहे. त्याखाली बसा. तुमच्याकडे कुणी चहा मागणार नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबलात तर कुहीची शेवटची गाडी चुकेल, तेव्हा प्रार्थनेचा मोह असेल तर आश्रमासमोरच्या यात्री निवासात मुक्काम ठरवून जा. नसेल तर चार-साडेचारला निघा. आणि त्या दिवशी पहाटे उठून पुऱ्या लाटत बसू नका. वर्ध्याला तर्री-पोहे मिळतात, आश्रमाजवळ साधं जेवण मिळतं, थोडं अळणी लागलं तर लागू द्या. वर्ध्याहून गोरसपाक घ्या, दोन पुडे. एक जावेकडे राहू द्या.

शाळेची सहल तेव्हा दिवसभराची असायची, म्हणजे तुम्ही काही फार गमावलेलं नाही, असं मी म्हणणार होते. पण ते खरं नाही, म्हणून म्हणत नाही.

बुधवारी फोन करा दिरांना. रोडग्यांचं, पीठ कुठे ठेवलंय त्याचं, गोवऱ्यांचं, सगळं सांगा. मग शनिवारी कुहीच्या स्टँडवर गाडी लागली की जाऊबाईंना दुसरा फोन लावा, ‘निघाले मी.’